ज्ञान मुरतं कुठे?

वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेविन्थल यांचा 1990चा लेख नवकल्पनांच्या अर्थशास्त्रात आजही पदोपदी भेटतो. म्हणणं साधं आहे: बाहेरचं ज्ञान ओळखून मुरवायचं आणि त्यावर कमवायचं, तर कंपनीकडे त्या विषयाचं थोडं ज्ञान आधीपासून हवं. मला हे पटतं. पण हे मांडलं गेलं अमेरिकेतल्या कारखानदारीकडे बघून. तिथे जी कंपनी शिकते, फायदाही तीच घेते.

आता यवतमाळच्या वावरात या. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकरी 10 टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातींचा शेतकरी 5 टक्के, बाकी सरकार. पुरवठादार सरकारी यादीतला, दुरुस्तीची हमी 5 वर्षं. म्हणजे बघा, ज्ञान कंपनीत, पंप विहिरीवर आणि पैसा बहुतांश सरकारचा. मग मुरलं कुठे? गावात मोटार वाइंडिंग करणाऱ्या मिस्त्रीला पंप कळतो, पण कंट्रोलरचं काय? तो त्याला शिकवून कंपनीला काय मिळणार? लेखाच्या चौकटीत हा मिस्त्री कुठेच बसत नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

आणि हे सौरऊर्जेपुरतं नाही हो. 2017च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने 20हून अधिक माणसं गेली. औषध वावरात पोचलं होतं. किती मिसळायचं, तोंडाला काय बांधायचं, हे सांगायला बहुतेकदा कृषी केंद्राचा दुकानदारच.

संशोधक पेटंट मोजतात, बसवलेले पंप मोजतात. सहाव्या वर्षी त्यातले किती पाणी उपसतात, ते कोण मोजणार?