मुक्त संगणक प्रणाली आणि प्रिंटरचा प्रश्न : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मुक्त संगणक प्रणालीविषयी मराठीत जे लेखन होत आले आहे, त्याचा सूर बहुधा गौरवाचा असतो. लिनक्स विनामूल्य मिळते, तिची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता व बदलता येते, तिच्यात मराठी नीट दिसते, जुन्या संगणकावरही ती चालते, हे मुद्दे त्यात क्रमाने येतात आणि शेवटी स्वातंत्र्य, स्वावलंबन, क्वचित स्वराज्य अशा शब्दांनी लेखाची सांगता होते. यांतील एकही विधान खोटे नाही. तथापि या विवेचनाची कसोटी संगणकाच्या पडद्यापाशीच संपते. पडद्यावर जे दिसले ते कागदावर उतरते की नाही, हे या लेखनात क्वचितच विचारले जाते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत मात्र हा पहिला प्रश्न ठरतो. येथील व्यवहार अद्याप कागदावर चालतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्याचा नमुना, त्यासोबतचा ग्रामसभेचा ठराव, जातीचा दाखला, महाविद्यालयातील अंतर्गत गुणांची यादी, यांपैकी काहीही पडद्यावर दाखवून भागत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाच्या सामूहिक वनहक्काला २००९ मध्ये मान्यता मिळाली. परंतु बांबूच्या वाहतुकीचा अधिकार ग्रामसभेच्या हाती प्रत्यक्ष आला तो २०११ मध्ये, वाहतूक परवान्यांच्या पुस्तकाच्या रूपाने. हक्क मिळणे आणि हक्काचा कागद हाती येणे यांत दोन वर्षांचे अंतर पडले. ज्या बांबूवरून हा संघर्ष झाला, तो बांबू दीर्घकाळ बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात होता, हेही येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. कागदाचा कच्चा माल याच जंगलांतून गेला, आणि त्या कागदावर आपले म्हणणे छापून घेण्यासाठी याच जंगलांतील माणसाला तालुक्याची वाट धरावी लागते.

या पार्श्वभूमीवर मुक्त प्रणालीच्या दाव्यांची तपासणी प्रिंटरच्या बाजूने करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळ कथा आणि तिचे विस्मरण

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीची आद्यकथा प्रिंटरचीच आहे, ही गोष्ट चळवळीच्या अनुयायांना ठाऊक असते. परंतु तिचा अर्थ ते अर्धाच घेतात. अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीकडून एक लेझर प्रिंटर मिळाला. (मराठीत ज्या कंपनीचे नाव सामान्यनाम होऊन गल्लीबोळांतील पाट्यांवर विसावले आहे, तीच ही कंपनी.) प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर, काम करणारे आपापल्या जागी. कागद अडकला की छपाई थांबे, आणि हे कोणाला कळत नसे. खेटा घातल्यावर हाती काही लागत नसे. आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत रिचर्ड स्टॉलमन यांनी फेरफार करून अडथळ्याची सूचना संबंधितांच्या पडद्यावर उमटेल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरची आज्ञावली कंपनीने दिली नव्हती. ती ज्यांच्यापाशी होती त्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकाने गोपनीयतेच्या कराराचे कारण देऊन नकार दिला. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॅम विल्यम्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्टॉलमन-चरित्राचा आरंभ याच प्रसंगाने होतो.

या कथेचे तात्पर्य सामान्यतः ‘आज्ञावली नाकारली गेली’ एवढेच सांगितले जाते. वास्तविक कथेतील मूळ दुःख अंतराचे आहे. माणूस एकीकडे, कागद दुसरीकडे, आणि मधल्या खेपा वाया जाणाऱ्या. एमआयटीत हे अंतर एका जिन्याचे होते. भामरागड किंवा सिरोंचा येथून जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. तेथे न छापला गेलेला कागद म्हणजे बुडालेला दिवस. कथेचा हा भाग वगळून केवळ परवान्यांच्या तत्त्वज्ञानाचा भाग पुढे नेल्यामुळे चळवळीच्या लेखनात प्रिंटर हा किरकोळ तांत्रिक अडचणींच्या सदरात जाऊन बसला. ज्या वस्तूपासून चळवळ सुरू झाली तीच तळटीप झाली, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

ठिपके घेणारी यंत्रे

या अडचणीचे स्वरूप समजण्यासाठी प्रिंटरचे दोन प्रकार लक्षात घेणे आवश्यक आहे. काही प्रिंटर पानाचे वर्णन वाचू शकतात. अमुक जागी अमुक अक्षर, अमुक जाडीची रेघ, असे संगणकाने सांगितले की पान ते स्वतः रचतात. त्यांच्या भाषा प्रसिद्ध असल्याने कोणत्याही प्रणालीला त्यांच्याशी बोलता येते. दुसरा प्रकार स्वस्त. त्यात हे आकलन काढून टाकलेले असते. संपूर्ण पानाचे ठिपक्यांचे चित्र संगणकानेच तयार करून, कंपनीच्या खासगी सांकेतिक रीतीने बांधून पाठवायचे असते. ही बांधणी करणारा मध्यस्थ म्हणजे ड्रायव्हर. तो कंपनीने ज्या प्रणालीसाठी लिहिला त्या प्रणालीवर प्रिंटर चालतो. इतरत्र ते नुसते खोके.

देशभरातील लहान कार्यालये, झेरॉक्सची दुकाने आणि महाविद्यालयांतील लिपिकांची टेबले यांवर जे प्रिंटर वर्षानुवर्षे दिसतात, ते बहुतांशी या दुसऱ्या प्रकारचे आहेत. एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९०० ही त्यांतील ठळक नावे. यंत्रे दणकट, काडतूस पुन्हा भरून मिळते, दुरुस्ती तालुक्याला होते. गरिबाघरची लक्ष्मीच ती. लिनक्सवर मात्र दोन्ही दीर्घकाळ त्रासदायक ठरली. लेझरजेट १०२० मध्ये तर आणखी एक गोम आहे. त्याला चालवणारे फर्मवेअर त्याच्या स्मृतीत टिकत नाही. प्रत्येक वेळी वीज सुरू झाली की संगणकाने ते नव्याने पाठवावे लागते. विंडोजचा ड्रायव्हर हे काम गुपचूप करतो. लिनक्सवर स्वयंसेवकांनी घडवलेला ड्रायव्हर आणि स्वतंत्रपणे मिळवलेले फर्मवेअर यांची जोडणी करावी लागे. कंपनीने पुढे आणलेल्या संचातही या प्रिंटरसाठी बंदिस्त जोडभाग निराळा उतरवून घ्यावा लागतो. जेथे पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाते, तेथे हा प्रिंटर चार वेळा सारे विसरतो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात महाऔष्णिक वीज केंद्र आहे ही गोष्ट त्याच्या स्मृतीला उपयोगी पडत नाही. कॅननने आपल्या यंत्रासाठी लिनक्सचा ड्रायव्हर दिला होता, पण त्यातील महत्त्वाचे भाग बंदिस्त व जुन्या ३२-बिट घडणीचे असल्याने पुढील संगणकांवर त्याची बसवणूक कटकटीची झाली.

या पार्श्वभूमीवर शासकीय धोरणांकडे पाहता एक विसंगती जाणवते. सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही डेबियनवर आधारित भारतीय लिनक्स प्रणाली प्रसिद्ध केली. तिच्यात मराठीसह भारतीय भाषांची सोय होती. केंद्र शासनाने २०१० मध्ये खुल्या मानकांचे आणि २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. या धोरणांचा हेतू निःसंशय स्तुत्य आहे. परंतु त्यांचा विषय सॉफ्टवेअर हा आहे, आणि प्रिंटरची खरेदी सॉफ्टवेअर म्हणून होत नाही. ती टेबल-खुर्चीच्या शेजारी, कमीत कमी दराच्या निकषावर होते. तो निकष नेमका ठिपके घेणाऱ्या यंत्राकडे नेतो. एका हाताने मुक्त प्रणालीचा पुरस्कार आणि दुसऱ्या हाताने तिला न ओळखणाऱ्या यंत्राची खरेदी, असे हे चित्र आहे. महाराष्ट्रात २००१ पासून रुजलेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने विंडोजलाच संगणक समजण्याची सवय लावली, हे कारण नेहमी पुढे केले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. सवय बदलता येते. लिनक्सवर काम शिकलेला लिपिक छपाईच्या वेळी पुन्हा शेजारच्या विंडोजच्या संगणकाकडे वळतो, तेव्हा तो सवयीने वळलेला नसतो.

चालकाविना छपाई

गेल्या दशकात हे चित्र बदलले आहे. आजचे बहुतेक नवे जाळेजोड प्रिंटर लिनक्सवर ड्रायव्हरविना चालतात. प्रिंटर जाळ्यावर स्वतःची ओळख जाहीर करतो, कागदाचे आकार, रंग, दोन्ही बाजूंची छपाई यांची माहिती विचारली असता सांगतो, आणि पान प्रमाणित स्वरूपात स्वीकारतो. लिनक्सवरील कप्स ही छपाई-व्यवस्था हा संवाद करते. केवळ यूएसबी तारेने जोडलेल्या नव्या प्रिंटरांनाही हीच रीत लागू करता येते.

या यशाचे श्रेय मुक्त सॉफ्टवेअरच्या नैतिक आग्रहाला देण्याचा मोह होतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. २०१० मध्ये अॅपलने एअरप्रिंट आणले, कारण मोबाइल फोनवर शेकडो ड्रायव्हर बसवणे अशक्य होते. प्रिंटर कंपन्यांच्या दृष्टीने त्या क्षणी फोन हीच एक परकी, अपरिचित प्रणाली होती; फरक इतकाच, की तिच्यामागे कोट्यवधी ग्राहक उभे होते. २०१३ मध्ये प्रिंटर उद्योगाच्या कार्यगटाने आयपीपी एव्हरीव्हेअर हे खुले मानक सिद्ध केले. कप्सचे जनक मायकेल स्वीट तेव्हा अॅपलच्या सेवेत होते आणि कप्सची मालकी २००७ पासून अॅपलकडे होती. लिनक्ससाठी सुमारे वीस वर्षे न उघडलेले दार फोनसाठी उघडले आणि त्यातून लिनक्सही आत आले. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पण चळवळीने स्वतःविषयी लिहिताना हे लपवू नये.

दुसरे असे की, ही सोय नवा प्रिंटर घेणाऱ्यासाठी आहे. जुने १०२० आणि २९०० आपली ओळख सांगू शकत नाहीत. किंबहुना आता संकट उलट्या दिशेनेही येत आहे : मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये कंपन्यांच्या स्वतंत्र ड्रायव्हरांचे वितरण टप्प्याटप्प्याने आटोपते घेण्याची योजना जाहीर केली. म्हणजे उद्या हीच धडधाकट यंत्रे विंडोजवरही पोरकी होण्याची शक्यता आहे. यावर विचारात घेण्याजोगा उपाय मुक्त प्रणालीच्या बाजूने आलेला आहे. ओपनप्रिंटिंग या गटाने व स्वीट यांनी पुरस्कारलेल्या ‘प्रिंटर अॅप्लिकेशन’ या रचनेत जुन्या ड्रायव्हरला एक आवरण घातले जाते. त्यामुळे जुना प्रिंटर जाळ्यावरील इतर संगणकांना नव्या, स्वपरिचय देणाऱ्या प्रिंटरसारखा भासतो. तत्त्वतः, एका टाकाऊ संगणकावर लिनक्स बसवून त्याला जोडलेला जुना प्रिंटर संपूर्ण कार्यालयाला, अगदी फोनलाही, वापरता यावा. मात्र त्यासाठी त्या यंत्राचा चालणारा मुक्त ड्रायव्हर आधी हवा, आणि तो सर्व यंत्रांचा नाही. तरीही मराठीतील लेखनात लिनक्सच्या देखण्या पडद्याइतकी जागा या मार्गाला मिळाली असती, तर या दोन जिल्ह्यांतील वाचकाला तिचा अधिक उपयोग झाला असता.

अक्षरांचा प्रश्न

प्रिंटर चालू झाला म्हणून मराठी छापली जातेच असे नाही. युनिकोडपूर्व काळात कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टांत तयार झालेल्या फाइली लिनक्सवर उघडल्या की रोमन अक्षरांचा काला दिसतो आणि तोच इमानेइतबारे कागदावर उमटतो. दोष प्रिंटरचा नसतो, पण शिव्या त्यालाच बसतात.

येथे एक विरोधाभास नोंदवणे आवश्यक आहे. ठिकट्या प्रिंटरांच्या काळात यंत्राच्या पोटात रोमन अक्षरे असत, देवनागरी नसे. आयआयटी कानपूरमध्ये उगम पावलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट तंत्रज्ञान त्या अडचणीतून वाट काढत होते. ठिपके घेणाऱ्या प्रिंटराला मात्र कोणतीच लिपी येत नाही, म्हणून त्याला सर्व लिपी सारख्याच. जोडाक्षर कसे रचायचे हे संगणक ठरवतो, प्रिंटर फक्त ठिपके उमटवतो. ज्या रचनेने मुक्त प्रणालीला अडवले, तिनेच लिपीची मिरासदारी मोडली.

हा मुद्दा या प्रदेशात मराठीपुरता मर्यादित नाही. गोंडी येथे बहुधा देवनागरीत लिहिली जाते. परंतु तिच्या स्वतंत्र लिपींपैकी मसराम गोंडीला २०१७ मध्ये आणि चंद्रपूरलगतच्या आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुंजाळा गोंडीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. नोटो मालिकेतील मुक्त परवान्याचे फॉन्ट दोन्हींसाठी उपलब्ध आहेत आणि लिनक्सवरील अक्षररचनेची यंत्रणा त्यांना जाणते. धानोरा तालुक्यातीलच मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. अशा शाळेला लागणारे वाचनपाठ काही डझन प्रतींचे असतात. तेवढ्यासाठी कोणी छापखाना जुळणी करणार नाही. तेथे टेबलावरचा प्रिंटर हाच छापखाना होय. गोंडीतील पान लिनक्सवर रचून झाले, पीडीएफ तयार झाली, की जुन्या लेझरजेट १०२० ला ते पान मराठी आहे की गोंडी याच्याशी कर्तव्य उरत नाही. त्याला वीज आल्यावर कोणीतरी त्याचे फर्मवेअर तेवढे पाठवावे लागते.