मौनाचे सौजन्य

फ्रान्समध्ये दुकानात शिरताना आधी ‘बाँझूर’ म्हणायचे असते. ते न म्हणता पावाची किंमत विचारणारा माणूस उद्धट ठरतो. फिनिश भाषेत ‘प्लीज’ला नेमका प्रतिशब्दच नाही, विनंतीची मृदुता क्रियापदाच्या रूपात असते. ‘कॉफी मिळू शकेल का?’ एवढे पुरे. समोरचा बोलून थांबल्यावर क्षणभर गप्प राहणे तिथे अवघड वाटत नाही. फ्रेंच बैठकीत तीच शांतता बोचते. दोघेही सभ्य, तरी परस्परांना असभ्य वाटावेत असे.

आकी काउरिस्माकी हा फिनिश दिग्दर्शक. त्याच्या २०११ सालच्या ‘ल हाव्र’ या फ्रेंच चित्रपटात या दोन रीती एकाच घरात नांदतात. नॉर्मंडीतल्या या बंदरात मार्सेल मार्क्स बूट पॉलिश करून पोट भरतो. गॅबॉनहून कंटेनरमधून आलेला इद्रिसा हा मुलगा पोलिसांना चुकवून पाण्यात उभा असलेला त्याला दिसतो. मार्सेल कळवळ्याचे शब्द काढीत नाही. त्याच्यासाठी खायला ठेवून निघून जातो. उधारी थकली म्हणून त्याला पाहताच दुकान बंद करणारा वाणीही पुढे निमूटपणे जिन्नस देतो. इन्स्पेक्टर मोने तर शेवटी मुलगा लपलेल्या बोटीच्या झडपेवरच बसतो आणि त्याला वाचवतो.

पात्रांचे फ्रेंच औपचारिक, जवळजवळ पुस्तकी आहे. चेहरे मात्र स्थिर. शब्द फ्रेंच आणि संयम फिनिश, असा हा संकर आहे. मार्सेलच्या बायकोचे, आर्लेतीचे काम काती औटिनेन या फिनिश अभिनेत्रीने केले आहे. आपल्या आजाराचे गांभीर्य ती नवऱ्यापासून लपवते. हा संकोच की प्रेम, हे दिग्दर्शक सांगत नाही, आणि तेच योग्य आहे.

तरीही माझी एक तक्रार आहे. या चित्रपटात इद्रिसाला बोलायला फार थोडे मिळाले आहे. आसरा देणारा गप्प राहिला तर ते सौजन्य. पण आसरा घेणाराही गप्पच राहिला, तर त्याच्यापुढे दुसरा पर्याय होता का? मौनाचे मोल जाणणाऱ्या दिग्दर्शकाने हा फरक अधिक दाखवायला हवा होता. आर्लेतीचे अखेरचे बरे होणे ही परीकथा मी आनंदाने स्वीकारतो. मुलाचे मुकेपण तसे स्वीकारता येत नाही.

हे मला खटकले याला कारण आहे. आपल्या मराठीतही ‘कृपया’ पाटीवर राहते. घरात ‘जरा पाणी देता का?’ एवढ्याने भागते. कन्नडमध्ये ‘नीनु’ आणि ‘नीवु’ यांतून मान कळतो. हे ठाऊक असूनही, कन्नड घरातून आमच्या शाळेत आलेल्या, कधी ‘नमस्कार’ न म्हणणाऱ्या एका विद्यार्थ्याला मी वर्षभर उद्धट समजत होतो. मराठीत चूक होईल या भीतीने तो बोलत नव्हता. वर्ग सुटल्यावर बाके सरळ लावून जाणारा तोच होता, हे मला शिपायाकडून कळले. त्याच्या प्रगतिपुस्तकातील शेरा मी बदलला. पण त्याला बोलते करायला हवे होते, ते वर्ष मात्र निघून गेले होते.