चमत्काराचा बाजार आणि हास्याची सेवा

धर्माची थट्टा करणारा चित्रपट म्हटला की धर्मसेवकांच्या कपाळावर आठी उमटते. ती सर्वस्वी निराधार असते असे आम्ही म्हणत नाही; परंतु थट्टा नेमकी कोणाची चालली आहे हे पाहण्यापूर्वीच आठी उमटली, तर न्याय चुकतो. स्पॅनिश दिग्दर्शक लुईस गार्सिया बेरलांगा (१९२१–२०१०) यांचा १९५७ साली तयार झालेला ‘लोस हुएवेस, मिलाग्रो’, म्हणजे ‘दर गुरुवारी चमत्कार’, हा विनोदी चित्रपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

फुएन्तेसिल्या हे औषधी पाण्याच्या झऱ्यांचे काल्पनिक गाव. पूर्वी येथे रोगी येत, आता कोणी फिरकत नाही. तेव्हा स्नानगृहाचा मालक, नगराध्यक्ष, जमीनदार, डॉक्टर, शिक्षक आणि न्हावी हे सहा प्रतिष्ठित एकत्र येऊन ठरवतात की, गावात संताने दर्शन द्यावे! जमीनदार डॉन होसे यांचा चेहरा संत दिमासच्या मूर्तीशी जुळतो, म्हणून संताचे सोंग त्यांच्याकडे येते. ही भूमिका होसे इस्बेर्त यांनी केली आहे. पहिले ‘दर्शन’ घडते ते रेल्वे स्थानकाजवळच्या मावरो नावाच्या भोळ्या, दरिद्री माणसाला.

या कटात धर्मगुरू नाही, हे ध्यानात घ्यावे. श्रद्धेची थट्टा येथे होत नाही. ज्यांना श्रद्धा नको पण तिचे उत्पन्न हवे, त्यांची होते. शिवाय हे सहाजण राक्षस नाहीत. गाव जगावे, हाच त्यांचा युक्तिवाद. आणि ‘चांगल्या कार्यासाठी’ हा शब्दप्रयोग आपल्या कानांनाही अपरिचित नाही. मावरोचा विश्वास मात्र खरा आहे. खोट्या चमत्काराची किंमत नेहमी असा खरा विश्वास ठेवणाराच देतो.

ख्रिस्तसभेने हा धोका फार पूर्वी ओळखला होता. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने पवित्र अवशेषांच्या विक्रीस मनाई केली. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने बिशपांच्या तपासणीवाचून नवा अवशेष वा नवा चमत्कार स्वीकारू नये असे ठरवले आणि त्यांतील द्रव्यलोभ निषिद्ध मानला. बेरलांगांनी पडद्यावर दाखवले ते या नियमांचे जणू विनोदी भाष्यच होय.

तथापि फ्रँकोच्या राजवटीतील परीक्षण मंडळास आणि खुद्द निर्मात्यांनाही ते मानवले नाही. कथेत सक्तीने बदल झाले व चित्रपट स्पेनमध्ये १९५९ साली प्रदर्शित झाला. उत्तरार्धात मार्टिनो नावाचा अनोळखी इसम (अमेरिकन नट रिचर्ड बेसहार्ट) येतो. तोच खरा संत दिमास असल्याचे अखेर उघड होते.

या शेवटाचा एक उदार अर्थ लावता येईल. दिमास म्हणजे प्रभूच्या शेजारी क्रुसावर असलेला पश्चात्तापी चोर. लूकच्या शुभवर्तमानात त्याला नाव नाही, ते उत्तरकालीन परंपरेने दिले. चोरांच्या भेटीस चोरच यावा, यात कृपेचा सुगंध आहे. परंतु त्या चोराने आधी आपला अपराध कबूल केला होता. येथे स्वर्ग कबुलीची वाट न पाहता लबाडीवर जणू शिक्कामोर्तब करतो. श्रद्धेच्या रक्षणासाठी घातलेली ही पुरवणी श्रद्धेलाच कमकुवत करते. आमच्या मते, ज्या पूर्वार्धाची धास्ती घेतली गेली, तोच अधिक धर्मनिष्ठ आहे.

देवाला आपल्या असत्याची गरज नाही, ही शिकवण हसत हसत मिळाली म्हणून ती हलकी ठरत नाही. आपल्या मंडळीत कोणी एखाद्या अद्भुत पाण्याची, तेलाची वा अवशेषाची वार्ता आणली, तर पहिला प्रश्न ‘खरे काय?’ हा असावा आणि दुसरा, ‘पैसा कोणाकडे जातो?’ हे प्रश्न आपण विचारले नाहीत, तर विनोदकार विचारतील. आणि तेव्हा रागावण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.