कायदा शिकवला, पण मोजले काय?

अमेरिकेत १९७२ साली जॉर्जटाऊन विद्यापीठातील कायद्याचे विद्यार्थी वॉशिंग्टनच्या सरकारी शाळांत रोजच्या जगण्यातला कायदा शिकवू लागले. ‘स्ट्रीट लॉ’ हे पाठ्यपुस्तक त्यातूनच तयार झाले. १९७८ मध्ये अशा शिक्षणाला उत्तेजन देणारा कायदाही झाला.

हे शिकून मुलांचे गैरवर्तन कमी होते का, हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तपासले गेले. तुलनेसाठी हा विषय नसलेले विद्यार्थीही घेतले, हे योग्यच. निष्कर्ष असा, की भरपूर चर्चा, पुरेसे तास आणि पूर्वतयारीने बोलावलेले पाहुणे वकील-पोलीस असतील, तर फायदा दिसतो, एरवी नाही.

इथे दोन शंका उरतात. गैरवर्तनाची माहिती मुलांनीच प्रश्नावलीत भरली; कायदा शिकलेला मुलगा कबुली देताना अधिक सावध होणार नाही का? आणि फायदा विषयाचा, की उत्साही शिक्षकाचा?

तरीही एक धडा पक्का आहे. मूल्यमापन पुस्तकाचे नव्हे, वर्गात काय घडले त्याचे करावे. कलमाचा क्रमांक विचारून स्मरणशक्ती कळते, न्यायबुद्धी नाही. आपली नागरिकशास्त्राची प्रश्नपत्रिका या कसोटीवर एकदा घासून पाहा.