उडता धर्मगुरू आणि जमिनीवरची माणसे

ख्रिस्तसभेच्या प्रेषितकार्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी वाटांचा इतिहास आहे. संत पौलाने रोमन सडका तुडवल्या व गलबतांतून प्रवास केला. संत फ्रान्सिस झेविअर पोर्तुगीज जहाजांतून पूर्वेकडे आले. आपल्याकडच्या मिशनऱ्यांनी घोडा, बैलगाडी आणि सायकल यांवर गावे पालथी घातली. विसाव्या शतकात या वाहनांत विमानाची भर पडली आणि तिच्याबरोबर ‘उडता धर्मगुरू’ ही नवी प्रतिमा कॅथलिक वाङ्मयात अवतरली. ही प्रतिमा ज्यांच्यामुळे जगभर पोहोचली, त्या फादर पाउल शुल्टे यांचे ‘द फ्लाइंग प्रीस्ट ओव्हर द आर्क्टिक’ हे १९४० साली प्रसिद्ध झालेले आत्मपर कथन आज पुन्हा वाचण्याजोगे आहे. त्यातली श्रद्धा अस्सल आहे यात शंका नाही. मात्र त्या श्रद्धेची गोष्ट कोणाच्या नजरेने सांगितली गेली, हे पाहण्याची वेळ आता आली आहे.

फादर शुल्टे यांचा जन्म १८९५ सालचा, जर्मनीतल्या माग्देबुर्गचा. पहिल्या महायुद्धात त्यांनी वैमानिक म्हणून काम केले व पुढे ओब्लेट संघात गुरुदीक्षा घेतली. त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते एका मृत्यूमुळे. त्यांचे मित्र फादर ओटो फूरमान हे आफ्रिकेच्या नैऋत्येला, आजच्या नामिबियातील ओवाम्बो प्रदेशात कार्य करीत होते. १९२५ साली ते आजारी पडले. वैद्यकीय मदत दूर, आणि तिच्यापर्यंत लवकर नेणारे वाहन नाही, अशा अवस्थेत त्यांना मरण आले. शुल्टे यांनी त्या दुःखातून १९२७ साली ‘मीवा’ ही संस्था उभारली. जमिनीवर, पाण्यावर आणि हवेत मिशनऱ्यांना वाहने पुरवणे हे तिचे ध्येय. ती आजही जगातील अनेक देशांत काम करते आहे.

वाहन ही शुल्टे यांच्या दृष्टीने चैनीची किंवा साहसाची वस्तू नव्हती, हे यावरून ध्यानी येते. वाचू शकला असता असा एक माणूस वाचला नाही, या जाणिवेतून त्यांचे सारे उड्डाण सुरू झाले. मार्काच्या शुभवर्तमानात चौघे जण एका पक्षघाती मनुष्याला खाटेवरून आणतात आणि दारात गर्दी आहे म्हणून छपर उकलून त्याला येशूपुढे खाली सोडतात. ‘मीवा’ची कल्पना त्या चौघांच्या कुळातली आहे. शुल्टे यांच्या लेखनाचा सर्वांत भक्कम भाग हाच, आणि त्यासाठी त्यांना आदराने वाचले पाहिजे.

परंतु लोकांच्या स्मरणात शुल्टे राहिले ते निराळ्याच प्रसंगांमुळे. मे १९३६ मध्ये ‘हिंडेनबुर्ग’ या महाकाय हवाई जहाजात, अटलांटिक महासागरावर, त्यांनी आकाशातील पहिली पवित्र मिस्सा अर्पण केली. जहाजात हायड्रोजन वायू भरलेला असल्याने वेदीवरच्या मेणबत्त्या न पेटवताच ठेवाव्या लागल्या. हेच जहाज पुढच्या वर्षी अमेरिकेत उतरताना आगीत भस्म झाले. दुसरा प्रसंग १९३८ सालचा. कॅनडाच्या उत्तरेस आर्क्टिक बे येथे फादर कोशार हे ओब्लेट मिशनरी अत्यवस्थ होते. शुल्टे विमान घेऊन तिथे गेले आणि त्यांना चेस्टरफील्ड इन्लेट येथील धर्मभगिनींच्या इस्पितळात घेऊन आले. या दोन ठिकाणांत अक्षांशाचे जवळजवळ दहा अंश, म्हणजे सरळ रेषेत अकराशे किलोमीटरांच्या आसपास अंतर आहे. फूरमानसाठी जे करता आले नाही, ते तेरा वर्षांनी कोशारसाठी करता आले. एका आयुष्याचे वर्तुळ येथे पूर्ण झाले, असे कोणत्याही वाचकाला वाटावे.

अडचण नेमकी येथेच सुरू होते. अशा सुटकेच्या प्रसंगाभोवती रचलेल्या पुस्तकात असामान्य दिवस साऱ्या दिवसांवर सावली धरतो. शीर्षकात धर्मगुरू उडतो आहे. उपशीर्षकात चिरंतन बर्फ आहे आणि चिरंतन प्रेम आहे. त्या बर्फावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे मात्र मुखपृष्ठावरच्या शब्दांत कुठेच नाहीत.

उत्तरेतल्या वैमानिकाचे नित्याचे जीवन याहून पुष्कळ वेगळे होते. उन्हाळ्यात विमानाला पाण्यावर तरंगणारे पाय लावायचे, हिवाळ्यात ते काढून बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या बसवायच्या. शरदात पाणी गोठू लागले आणि वसंतात बर्फ फुटू लागला की दोन्ही निरुपयोगी. तेव्हा आठवडेच्या आठवडे विमान जमिनीला खिळलेले. कडाक्याच्या थंडीत रात्री इंजिनातले तेल काढून घ्यायचे, सकाळी ते चुलीवर गरम करून पुन्हा ओतायचे. चुंबकीय ध्रुव जवळ असल्यामुळे होकायंत्रावर भरवसा नाही. प्रत्येक पिंप इंधनाचा आणि प्रत्येक पोते पिठाचा हिशेब, कारण एकाचे वजन वाढले की दुसरे मागे ठेवावे लागे. अशा माणसाच्या श्रद्धेची कसोटी उड्डाणात जेवढी लागते, तेवढीच आज उडता येणार नाही असे म्हणण्यात लागते. वाट पाहणे ही त्याची रोजची प्रार्थना असते.

ती वाट पाहूनही धोका टळतोच असे नाही. अलास्कातील जेझुइट मिशनसाठी ‘मार्केट मिशनरी’ नावाचे विमान आणले गेले होते. १२ ऑक्टोबर १९३० रोजी कोत्झेब्यू येथे ते कोसळले आणि फादर फिलिप डेलॉन, फादर विल्यम वॉल्श व वैमानिक राल्फ वीन हे तिघेही मृत्यू पावले. उडत्या मिशनची कथा सांगताना हे नाव अगत्याने घेतले पाहिजे. नाहीतर विमान म्हणजे देवाने पाठवलेला गरुडच, असा भोळा समज आपण मुलांच्या हाती देऊ.

याहून गंभीर प्रश्न विमानात कोण बसले, हा आहे. ज्या चेस्टरफील्ड इन्लेटला फादर कोशार यांना जीव वाचवण्यासाठी आणले गेले, तिथेच १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६९ पर्यंत तुर्केतिल हॉल नावाचे मिशनचे वसतिगृह होते. तिथले मिशन ज्यांनी १९१२ साली स्थापन केले, त्या महागुरू आर्सेन तुर्केतिल यांचे नाव त्याला दिलेले. इग्लूलिक, नाउयात अशा दूरदूरच्या वस्त्यांमधून इन्युइट मुलांना विमानाने तिथल्या शाळेसाठी आणले जाई. मुले महिनोन्‌महिने आईबापांपासून, घरच्या बोलीपासून, शिकारीच्या शिक्षणापासून दूर राहत. १९९३ साली यांतले माजी विद्यार्थी त्याच गावी पुन्हा जमले आणि तिथे सोसलेल्या अत्याचारांविषयी उघडपणे बोलले. कॅनडाच्या सत्य व समेट आयोगाचा अंतिम अहवाल २०१५ साली आला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२२ मध्ये मास्क्वासिस येथे मूळनिवासी जनतेची क्षमा मागितली आणि २९ जुलै रोजी इकालुइटला जाऊन इन्युइट माजी विद्यार्थ्यांची भेट घेतली.

यात फादर शुल्टे यांना दोषी ठरवण्याचा हेतू नाही. त्यांचे उत्तरेतले कार्य या वसतिगृहाच्या कित्येक वर्षे आधीचे. प्रश्न साहित्याचा आहे. वैमानिकाच्या आसनावरून दिसणारे जग आपण एवढ्या भक्तिभावाने वाचले, की खाली उभ्या असलेल्या आईला ते विमान कसे दिसत असेल, हे विचारण्याची सवयच वाचकाला लागली नाही. आजाऱ्याला नेणारे आणि लेकराला नेणारे विमान आवाजावरून वेगळे ओळखू येत नाही. विमानाने कोणाच्या संमतीने कोणाला नेले, यावरूनच त्याच्या उड्डाणाचे पुण्य ठरते.

सुदैवाने जमिनीवरून पाहणारे एक पुस्तक याच उत्तरेत, आणि तेही एका अर्थी ख्रिस्तसभेच्याच विनंतीवरून, लिहिले गेले. क्वेबेकच्या उत्तर टोकावरील मितिआर्युक नाप्पालुक या इन्युइट स्त्रीला १९५० च्या दशकात मिशनऱ्यांनी तिच्या भाषेतली नित्याची वाक्ये लिहून देण्यास सांगितले. मिशनऱ्यांना भाषा शिकायची होती. तिने वाक्ये लिहिता लिहिता माणसे निर्माण केली आणि त्यातून ‘सानाक’ ही कादंबरी जन्मली. ती इन्युइट लिपीत १९८४ साली, फ्रेंचमध्ये २००२ साली आणि इंग्रजीत २०१४ साली प्रसिद्ध झाली. सानाक नावाची विधवा, तिची मुलगी, कातडी शिवणे, बर्फाचे घर बांधणे, शिकार, भांडणे, आणि यांच्यामध्येच गोऱ्यांचे व त्यांच्या धर्माचे आगमन, असा तिचा विस्तार आहे. त्यात मिशनरी आहेत, पण ते कथेच्या मध्यभागी नाहीत. ते घरी आलेले पाहुणे आहेत. शुल्टे यांच्या पुस्तकाशेजारी ‘सानाक’ ठेवून वाचले, तर जे एकात पार्श्वभूमी होते, ते दुसऱ्यात घर होते. ख्रिस्तदर्शन कोणी कोणाला घडवले, हा प्रश्नही मग एकेरी राहत नाही. कारण त्या थंडीत मिशनऱ्याच्या अंगावरचा कातडी पोशाख कोण्या इन्युइट बाईनेच शिवलेला असे, आणि त्याची कुत्र्यांची गाडी वाट माहीत असलेला कोणी इन्युइटच हाकत असे.

हे सारे आपल्यालाही लागू पडते. आपल्या मिशनरी चरित्रांत परदेशी फादरांचे घोडे, त्यांचे आजार आणि त्यांची मृत्युशय्या यांची वर्णने विपुल आहेत. त्यांच्याआधी गावात पोहोचलेले, प्रार्थना शिकवणारे, आजाऱ्याला झोळीत घालून नेणारे मास्तर मात्र अनेकदा एका वाक्यात येतात आणि नावाविना जातात. त्यांच्या मुलांकडे, नातवंडांकडे अजून आठवणी आहेत. त्या लिहून ठेवण्याचे काम धर्मग्रामांनीच हाती घ्यावे लागेल.

शुल्टे यांचे पुस्तक म्हणून बाजूला सारू नये. मित्राच्या मरणाचे ऋण फेडू पाहणाऱ्या एका प्रांजळ धर्मगुरूची ती साक्ष आहे. परंतु खाट उचलणाऱ्या त्या चौघांची नावे मार्काने लिहिली नाहीत, आणि येशूने पाहिला तो त्यांचा विश्वास. कथेच्या मध्यभागी राहिला तो खाटेवरचा माणूस, जो शेवटी आपली खाट स्वतः उचलून, आपल्या पायांनी आपल्या घरी गेला. मिशनविषयीचे कोणतेही पुस्तक हाती घेताना त्या माणसाला त्यात किती जागा मिळाली आहे, हे आधी पाहावे.