अस्सल, पण कोणत्या सालचा?

जुन्या ध्वनियंत्रांच्या संग्राहकांत 'अस्सल' हा शब्द फार वजनाने वापरला जातो. यंत्र कारखान्यातून ज्या रूपात बाहेर पडले, त्याच रूपात ते आज असेल तर ते अस्सल. एखादा भाग वेगळा निघाला की किंमत उतरते आणि मानही उतरतो. कसोटी सोपी आहे, म्हणूनच ती रूढ झाली. चावीच्या फोनोग्राफांना मात्र ती जशीच्या तशी लावली तर यंत्राचा अर्धा इतिहास आपल्याच हाताने पुसला जातो, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

आधी एक खुलासा. आपल्याकडे कर्णा दिसला की यंत्राला ग्रामोफोन म्हणण्याची पद्धत आहे. येथे विचार करायचा आहे तो फोनोग्राफचा, म्हणजे तबकडीऐवजी मेणाचे नळकांडे वाजवणाऱ्या एडिसनच्या यंत्राचा. त्यातही 'स्टँडर्ड' हे एकच यंत्र उदाहरणादाखल पुरेसे आहे. ते १८९८मध्ये वीस डॉलरना बाजारात आले. पुढे त्याचे 'ए'पासून सुरू होणाऱ्या अक्षरांचे अनेक प्रकार झाले. नाव एकच राहिले. खोका, कर्णा, आतली चाके आणि रिप्रोड्यूसर बदलत गेले. रिप्रोड्यूसर म्हणजे खोबणीतून फिरणारे नीलमण्याचे टोक आणि त्याच्या थरथरीने कंप पावणारा पडदा बसवलेली लहानशी डबी.

हे बदल नव्या अक्षराची वाट पाहत थांबले नव्हते. 'ए' प्रकारच चालू असताना १९०१मध्ये त्याला नव्या घडणीचा ओक लाकडाचा खोका मिळाला. १९०२मध्ये साच्यातून काढलेली कडक मेणाची नळकांडी आली आणि त्यांच्यासाठी 'सी' नावाचा नवा रिप्रोड्यूसर आला. म्हणजे १८९९चा 'ए' आणि १९०४चा 'ए' शेजारी ठेवले तर ते एकाच नावाचे दोन भाऊ वाटतील, जुळे वाटणार नाहीत. दोन्ही अस्सलच आहेत.

खरा पेच १९०८पासून पडतो. तोवरच्या नळकांड्यावर एका इंचात शंभर खोबणी असत आणि ते दोन मिनिटांच्या आसपास वाजे. त्या वर्षी एडिसनने 'अँबेरॉल' नळकांडी आणली. त्यांवर इंचाला दोनशे खोबणी होती आणि वाजण्याचा वेळ चार मिनिटांवर गेला. फिरण्याचा वेग पूर्वीचाच होता, मिनिटाला एकशे साठ फेरे. त्यामुळे रिप्रोड्यूसरने बाजूला सरकायचे ते निम्म्या गतीने, आणि बारीक खोबणीसाठी त्याचे टोकही बारीक हवे. 'सी'चे जाड टोक त्या खोबणीत नीट बसत नाही. नळकांडे खराब करते.

घरोघरी असलेल्या जुन्या यंत्रांचे काय करायचे? कंपनीने ती मोडीत काढायला सांगितले नाही. दातेरी चाकांचा एक जोड आणि चार मिनिटांचा 'एच' रिप्रोड्यूसर विक्रेत्यांमार्फत विकायला ठेवला. जोड बसवला की जुने यंत्र दोन्ही प्रकारची नळकांडी वाजवू लागे. १९०३मध्ये बनलेले आणि १९०९मध्ये हा जोड बसलेले यंत्र आज हाती आले, तर त्याचे अस्सल रूप कोणते मानायचे?

बाजाराचे उत्तर पुष्कळदा ठरलेले असते. जोड काढा, तो वेगळा विका, 'सी' रिप्रोड्यूसर बसवा, खोका घासून पॉलिश करा. यंत्र सूचीतल्या वर्णनाशी तंतोतंत जुळते. जॉर्ज फ्रो आणि अल्बर्ट सेफल यांनी १९७८मध्ये एडिसनच्या नळकांडी-यंत्रांवर विस्तृत ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा या रानात प्रथमच पायवाट पडली. अशा ग्रंथांचे ऋण मोठे आहे. पण वर्णनासाठी केलेली सूची हुकूम म्हणून वापरली जाऊ लागली, तर दोष ग्रंथाचा नाही, वाचणाऱ्याचा आहे. वरच्या 'दुरुस्ती'त एक पुरावा नष्ट झाला. कोण्या कुटुंबाने सहा वर्षांनी पुन्हा पैसे मोजून लांब गाणे ऐकण्याची सोय करून घेतली होती, हे ते यंत्र सांगत होते. आता ते काहीच सांगत नाही.

म्हणून अस्सल आणि नकली अशा दोन खणांऐवजी निदान चार खण हवेत. पहिला, उत्पादन चालू असताना कारखान्यानेच केलेले फरक. दुसरा, विक्रीनंतर कंपनीच्याच भागांनी झालेले बदल. तिसरा, गावच्या कारागिराने यंत्र चालू ठेवण्यासाठी केलेली डागडुजी. चौथा, गिऱ्हाइकाला फसवण्यासाठी केलेली जुळवाजुळव.

तिसऱ्या आणि चौथ्या खणातली रेषा आपल्याला अधिक जवळची आहे. मुंबईच्या चोर बाजारात चकचकीत पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन ओळीने मांडलेले दिसतात. त्यांतल्या पुष्कळांत एखाद्या पोर्टेबलची मोटार, भलत्याच यंत्राचा साउंडबॉक्स, नवा खोका आणि त्यावर कुत्र्याचे चित्र असते. परदेशी संग्राहकांनी भारतातून येणाऱ्या अशा यंत्रांना 'क्रॅपोफोन' असे हेटाळणीचे नाव दिले आहे. जुने म्हणून विकलेल्या नव्या मालाला ते शोभतेही. पण त्याच नावाखाली तुटलेली कमान बदललेले किंवा कर्ण्याला डाग दिलेले घरगुती यंत्रही ढकलले जाते, तिथे अन्याय होतो. सुटे भाग मिळेनासे झाल्यावर ज्या हातांनी ते वाजते ठेवले, त्यांचे काम लबाडी नव्हे.

यावर आक्षेप येईल की, अशी मोकळीक दिली तर कोणतीही भेसळ 'इतिहास' म्हणून खपवली जाईल. आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर कडक तपासणी हेच आहे. बदल जुना की कालचा, हे लाकूड आणि धातू सांगतात. जोडाखालचा रंग ताजा आहे की काळवंडलेला? चाकांचे दाते एकमेकांबरोबर झिजले आहेत का? बुजवलेली भोके कुठे आहेत? स्क्रूच्या खाचा एकाच काळच्या वाटतात का? पट्टीवरच्या पेटंटच्या तारखाही जपून वाचाव्या लागतात. शेवटची तारीख यंत्राचे जन्मसाल सांगत नाही. त्याआधी ती पट्टी तयार झालेली नाही, एवढेच सांगते.

तबकड्यांच्या बाबतीत ही शिस्त आपल्याकडे रुजली आहे. १९९०मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने तबकड्यांवरचे क्रमांक आणि लेबले यांच्या नोंदींना अभ्यासाची प्रतिष्ठा दिली. यंत्रांच्या वाट्याला मात्र अजून बहुतेक वेळा पॉलिशच येते.

संग्राहकाकडून अपेक्षा फार मोठी नाही. स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी यंत्राची छायाचित्रे घ्यावीत, क्रमांक उतरवावा, न जुळणारा प्रत्येक भाग लिहून ठेवावा, आणि काढलेला भाग त्याच यंत्राबरोबर पिशवीत बांधून ठेवावा. सूचीशी न जुळणारा भाग हा कदाचित त्या यंत्रातला सर्वांत बोलका भाग असतो.