आवृत्त्यांचे प्रकारांतर : रूपसाम्य आणि अर्थसाम्य

एकाच इंटरफेसच्या दोन आवृत्त्या एकत्र नांदत असता कोणती निवडावी आणि एकीची वस्तू दुसरीच्या हाती कशी सोपवावी, हा प्रश्न वरकरणी सोयीचा वाटतो. वस्तुतः तो अर्थनिश्चितीचा आहे. कडक प्रकारतपासणीने तो आपोआप सुटतो, असा एक समज आहे. तो कितपत टिकतो, हे तीन उदाहरणांच्या आधारे पाहावयाचे आहे.

मायक्रोसॉफ्टच्या १९९३ मधील 'कॉम' या रचनेत प्रसिद्ध झालेला इंटरफेस पुन्हा बदलावयाचा नाही. नवी आवृत्ती म्हणजे १२८ बिटांची नवी ओळख, असा दंडक आहे. कोणती आवृत्ती उपलब्ध आहे, हे 'क्वेरीइंटरफेस'द्वारे वस्तूलाच विचारावयाचे. ही दृष्टी प्रगल्भ खरी. परंतु उत्तर येते ते प्रकारहीन पॉइंटरच्या वाटेने. ओळख एका आवृत्तीची आणि पॉइंटर दुसरीचा, अशी गफलत झाली तरी कंपायलर मौन पाळतो. या दोहोंची सांगड घालणारा मॅक्रो उपलब्ध आहे; तथापि तो वापरणे हा शिस्तीचा भाग झाला, भाषेचा नव्हे.

गो भाषेने २०१८ मध्ये १.११ या आवृत्तीत मॉड्यूलव्यवस्था प्रथम आणली. तीत दुसऱ्या प्रमुख आवृत्तीपासून आवृत्तीचा अंक आयातमार्गातच येतो. म्हणून दोन आवृत्त्यांतील समान नावाचे प्रकारही परस्परांहून भिन्न ठरतात. येथे कडकपणा पुरेपूर आहे. मात्र दोन्ही संरचनांतील क्षेत्रांची नावे, क्रम व प्रकार जुळले की उघड प्रकारांतरास मुभा मिळते. समजा, प्रतीक्षाकालाचे पूर्णांकी क्षेत्र पहिल्या आवृत्तीत सेकंदांत होते व दुसरीत ते मिलीसेकंदांत गेले. प्रकारांतर बिनबोभाट होईल आणि तीस सेकंदांचे तीस मिलीसेकंद होतील. तपासणीने रूप पाहिले. अर्थ तिच्या दृष्टीस पडलाच नाही.

कुबरनेटीसमध्ये आवृत्त्यांतील रूपांतर स्वतंत्र फलनांनी केले जाते, आणि जाऊन परत येताना काही गळू नये अशी अपेक्षा असते. स्वयंविस्ताराच्या पहिल्या आवृत्तीत केवळ प्रोसेसरच्या वापराचे लक्ष्य होते. दुसरीत इतर मापेही आली. पहिलीतून वाचताना ही नवी क्षेत्रे टिपणांच्या स्वरूपात जपली जातात. माहिती हरवत नाही, हे मोठेच श्रेय होय. परंतु ती साध्या मजकुराच्या आश्रयाला जाते आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रकारांचे संरक्षण तिला उरत नाही. शिवाय परतीची कसोटीही निर्णायक नव्हे. दोन्ही दिशांच्या फलनांनी एककाकडे सारखेच दुर्लक्ष केले, तर मूळ अंक जसाच्या तसा परत येईल आणि चूक झाकलेलीच राहील.

तेव्हा दोष कडकपणाचा नाही, प्रकारांच्या दारिद्र्याचा आहे. सेकंद व मिलीसेकंद यांना निरनिराळे प्रकार दिले असते, तर गोच्या कंपायलरने ते प्रकारांतर तात्काळ नाकारले असते. जो अर्थ प्रकारात लिहिला आहे, त्याचेच रक्षण तपासणी करू शकते. उरलेल्याची जबाबदारी आवृत्ती प्रसिद्ध करणाऱ्यावरच राहते.